तुंबडीपासून कपिंगपर्यंत : दुखापत, उपचार आणि धीर

कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर नवीन जालना. 'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण या गावाला व्यापाराने मिळवून दिली, आणि बियाणे व लोखंड या दोन उद्योगांनी ती आजही टिकवून ठेवली आहे. या बाजारपेठेत दिवसभर गादीवर बसणारा तरुण व्यापारी रात्री दुकान वाढवून टर्फवर क्रिकेट खेळायला जातो, हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. युवक मंडळांच्या स्पर्धा होतात, काका आणि पुतण्या एकाच संघातून खेळतात, आणि घरातील मंडळी कौतुकाने पाहायला येतात. शरीर हलते राहावे, मन प्रसन्न राहावे, या दृष्टीने हा बदल स्वागतार्हच आहे.

मात्र दहा तास बैठे काम केलेले शरीर अचानक वेगाने धावू लागले की एखाद्या रात्री मांडीच्या मागे चाबूक बसावा तशी कळ येते. दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ लंगडत दुकानात येतो. शेजारचा व्यापारी मोबाईलवर एका खेळाडूच्या पाठीवरील जांभळी वर्तुळे दाखवतो आणि म्हणतो, "हे कपिंग करून घ्या, रविवारी मैदानात उभे राहाल." घरी बाबूजी विचारतात, "हे नवीन काय काढले आहे?" आई विचारते, "यात रक्त काढतात का?" पत्नीला चिंता असते ती पुन्हा दुखावण्याची. हे तीनही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे नीट मिळाली, तर उपचाराचा उपयोगही होईल आणि फसगतही टळेल.

नवीन नव्हे, जुनेच

बाबूजींच्या प्रश्नाचे उत्तर असे की यात नवीन फारसे काही नाही. मराठी माणूस या उपचाराला पिढ्यान्‌पिढ्या 'तुंबडी लावणे' म्हणत आला आहे. तुंबा म्हणजे दुध्या भोपळ्याच्या जातीचे फळ. ते वाळवून, पोकळ करून, त्यातील हवा विरळ करून दुखऱ्या जागी पालथे लावले की ते कातडीला घट्ट धरून ठेवते. गावोगाव फिरणारे वैदू हे काम करीत, आणि जनावराच्या शिंगाने केल्यास त्याला 'शिंगी' म्हणत. 'आपली तुंबडी भरून घेणे' हा वाक्प्रचार व्यवहारात सर्रास वापरला जातो. उपचार विस्मरणात गेला तरी शब्द भाषेत राहिला, तो असा.

याची शास्त्रीय परंपरा त्याहूनही जुनी आहे. सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणाची तीन साधने सांगितली आहेत : शृंग म्हणजे शिंग, जलौका म्हणजे जळू आणि अलाबू म्हणजे तुंबा. वातदोषात शृंग, पित्तदोषात जलौका आणि कफदोषात अलाबू, अशी त्यांची योजना आहे. शिंगातील हवा तोंडाने ओढून घ्यावी आणि तुंब्यात दिवा ठेवून ती विरळ करावी, असा विधीही तेथे आहे. युनानी वैद्यकात हाच उपचार 'हिजामा' या नावाने प्रचलित आहे. चिनी वैद्यकातही त्याला मानाचे स्थान आहे. आपल्याकडील जुन्या घरांत बेंबी सरकली असे वाटले की पोटावर पेटता दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घालीत. दिवा विझे, तांब्या पोटाला चिकटे आणि कातडी आत ओढली जाई. तत्त्व तेच होते.

जगाचे लक्ष या उपचाराकडे नव्याने वेधले गेले ते २०१६ साली. रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स पाण्यात उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर आणि पाठीवर गडद वर्तुळे दिसली. त्याने त्या स्पर्धेत पाच सुवर्णपदके जिंकली, आणि कपिंग हा शब्द घरोघरी पोहोचला. यातून अनेकांनी एक घाईचा निष्कर्ष काढला. फेल्प्स जिंकला तो वर्षानुवर्षांच्या सरावामुळे, शिस्तीमुळे आणि त्याच्या पाठीशी असलेल्या प्रशिक्षकांमुळे. पेले हा त्या मोठ्या व्यवस्थेतील एक लहानसा भाग होता. दुकान चांगले चालते तेव्हा त्याचे श्रेय दारावरच्या पाटीला कोणी देत नाही; येथेही तोच विवेक हवा.

पेला नेमके काय करतो

आज तुंब्याची जागा काचेच्या, प्लास्टिकच्या किंवा सिलिकॉनच्या पेल्यांनी घेतली आहे. काचेच्या पेल्यात स्पिरिटचा पेटता बोळा क्षणभर फिरवून हवा तापवतात. पेला कातडीवर ठेवताच हवा निवते आणि आत पोकळी निर्माण होते. प्लास्टिकच्या पेल्यातील हवा लहान हातपंपाने ओढून घेतात. त्यात ज्योत नसल्यामुळे भाजण्याचा धोका नाही आणि ओढ किती ठेवायची यावर नियंत्रण राहते. पेले साधारणतः पाच ते दहा मिनिटे एकाच जागी ठेवतात, किंवा तेल लावून हळूहळू सरकवतात. मालिश करणारा हात स्नायूला खाली दाबतो. पेला कातडी आणि तिच्या खालचा थर वर उचलतो. हा या दोहोंतील मुख्य फरक.

या ओढीमुळे त्या जागी रक्त जमा होते आणि अगदी सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात. त्यामुळेच ती गोल वर्तुळे उमटतात. काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत ती मावळतात. 'वर्तुळ जितके काळे, तितके विष बाहेर आले' असे सांगितले जाते, ते खरे नाही. शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. कातडीवरील डाग म्हणजे कातडीखाली साकळलेले रक्त, एवढाच त्याचा अर्थ. गडद डाग हा ओढ जास्त झाल्याचाही पुरावा असू शकतो.

मग आराम का वाटतो? आखडलेल्या भागाला ताण मिळतो, तेथे ऊब जाणवते, कातडीतील संवेदनांमुळे वेदनेची जाणीव काही काळ दबते. शिवाय आपल्याकडे कोणीतरी अर्धा तास लक्ष देत आहे, या भावनेचाही वाटा असतो. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्या आरामाला स्नायू भरून आल्याची पावती समजू नये.

पुराव्याचा ताळेबंद

खेळाडूंवर झालेल्या कपिंगच्या प्रयोगांचा एक एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ११ चाचण्या आणि एकूण ४९८ व्यक्तींचा समावेश होता. वेदना कमी वाटणे, हालचाल सुधारणे असे अनुकूल परिणाम अनेक चाचण्यांत दिसले. परंतु चाचण्या लहान होत्या आणि त्यांच्या पद्धतीत उणिवा होत्या. त्यामुळे खेळाडूंनी कपिंग करावे किंवा करू नये, यांपैकी कोणतीही ठाम शिफारस करता येत नाही, असे आढावा घेणाऱ्यांनी नमूद केले. अमेरिकेतील 'नॅशनल सेंटर फॉर कॉम्प्लिमेंटरी अँड इंटिग्रेटिव्ह हेल्थ' या सरकारी संस्थेचे मतही असेच सावध आहे : वेदना कमी होण्यास मदत होऊ शकते, पण पुरावा भक्कम नाही.

येथे एक अडचण मुळातच आहे. औषधाच्या चाचणीत एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी साधी गोळी देता येते. पाठीवर पेला लागला आहे की नाही, हे मात्र रुग्णाला कळतेच. संशोधकांनी बारीक छिद्र असलेले खोटे पेले वापरून पाहिले. त्यांतील ओढ हळूहळू नाहीशी होते. तरीही शंका पूर्णपणे फिटत नाही. ज्यांना आयुष्यभर खतावणी तपासण्याची सवय आहे, त्यांना हा मुद्दा सहज पटेल. जमेच्या बाजूला वेदनेतील उतार आहे. तुटलेला स्नायू लवकर जुळल्याची नोंद मात्र त्या खात्यात नाही.

दुखापतीचा पंधरवडा आणि पुढे

दुखापत झाल्यापासूनचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत महत्त्वाचे. या काळात खेळ त्वरित थांबवावा, दुखावलेल्या भागावर भार टाकू नये, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा, लवचिक पट्टी बांधावी आणि पाय उंचावर ठेवावा. शेक, जोराची मालिश आणि कपिंग हे तिन्ही या दिवसांत टाळावेत. आत रक्तस्राव चालू असताना त्याच जागी रक्त ओढून आणणे म्हणजे सूज वाढवणे होय. आपल्याकडे मात्र नेमके याच वेळी कोणीतरी गरम तेल घेऊन येते. प्रेमापोटी केलेली ती सेवा पहिल्या दिवशी अपायकारक ठरू शकते.

दुसरा प्रश्न निदानाचा. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबताच तीव्र वेदना होत असेल, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली मांडलेले हे नियम आज जगभर वापरले जातात. गुडघ्यात 'खट्' असा आवाज होऊन काही तासांत मोठी सूज आली, किंवा चालताना गुडघा निसटतो असे वाटले, तर आतील अस्थिबंध तुटल्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी कोणताही पेला उपयोगाचा नाही. मराठवाड्याचा अभिमान असलेला, बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचा धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पडला आणि त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. आशियाई सुवर्णपदक विजेत्याच्या भक्कम पायांनाही शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते, तेथे हौशी खेळाडूने घरगुती उपायांवर आठवडे घालवणे कितपत शहाणपणाचे?

मांडीमागच्या स्नायूचा ताण हा टर्फवरचा नेहमीचा आजार. सौम्य असेल तर दोन-तीन आठवड्यांत, मध्यम असेल तर चार ते आठ आठवड्यांत तो भरून येतो. स्नायू पूर्ण तुटल्यास महिने लागतात. वेदना थांबणे आणि स्नायू भरून येणे या दोन वेगवेगळ्या तारखा आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. वेदना बहुधा आधी थांबते. या दोन तारखांच्या मधल्या काळातच माणूस 'आता काही दुखत नाही' म्हणून मैदानात उतरतो आणि तोच स्नायू पुन्हा दुखावतो. एकदा दुखावलेला स्नायू पुन्हा दुखावण्याचा संभव मुळातच अधिक असतो. कपिंगचा खरा धोका येथे आहे. त्याने त्वचेला क्वचितच इजा होते. पण वेदना दबल्यामुळे जो खोटा विश्वास येतो, तो अधिक महाग पडतो. पत्नीची चिंता म्हणूनच सर्वांत समंजस होय.

कपिंगला जागा आहे ती या मधल्या टप्प्यात, आणि तीही जोडउपचार म्हणून. सूज उतरल्यावर, निदान झाल्यावर, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू असताना आजूबाजूचे स्नायू आखडतात. खांदा, पाठ किंवा पोटरी जड होते. त्या वेळी कपिंगने थोडा सैलपणा आला आणि त्यामुळे व्यायाम नीट करता आला, तर त्याचा लाभ निश्चित आहे. स्नायूला बळ देणारा क्रमवार व्यायाम हे मुद्दल. कपिंग हे फार तर व्याज. मुद्दलाशिवाय व्याजाची अपेक्षा कोणताही सावकार करीत नाही.

मैदानात परतण्याची कसोटीही पेल्यावर अवलंबून नसावी. दुखावलेला पाय दुसऱ्या पायाइतका वाकतो का, त्यात जवळजवळ तेवढीच ताकद आली आहे का, पूर्ण वेगाने धावताना, थांबताना आणि वळताना कळ येत नाही ना, या तीन गोष्टी तज्ज्ञाने तपासून होकार दिल्यावरच बॅट हाती घ्यावी.

रक्ताचा प्रश्न

आईच्या प्रश्नाचे उत्तर असे की कपिंगचे दोन प्रकार आहेत. कोरड्या प्रकारात केवळ हवेची ओढ असते. कातडीला चिरा देत नाहीत. ओल्या प्रकारात कातडीवर बारीक चिरा देऊन पेल्यात रक्त ओढून घेतात. हिजामा या नावाने प्रामुख्याने हाच प्रकार ओळखला जातो आणि अनेकांची त्यावर श्रद्धा आहे. त्या श्रद्धेचा आदर राखावा. परंतु खेळातील दुखापत बरी होण्यासाठी रक्त काढणे आवश्यक आहे, असे सिद्ध झालेले नाही. ओल्या प्रकारात जंतुसंसर्ग, व्रण आणि अस्वच्छ साधनांतून कावीळ ब, कावीळ क यांसारखे रोग पसरण्याचा धोका असतो. वारंवार रक्त काढल्याने पंडुरोग झाल्याची उदाहरणेही वैद्यकीय नोंदींत आहेत.

जैन कुटुंबांना या प्रश्नाला आणखी एक बाजू दिसते. जळू लावण्याच्या उपचारात एका जिवाला साधन म्हणून वापरावे लागते. अनेक श्रावकांच्या मनाला ते पटत नाही. उपचार निवडताना अहिंसेचा विचार करणे ही आपली जुनी परंपरा आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ रचला. मांस, मद्य आणि मधु यांना औषधातही स्थान न देणारा हा ग्रंथ १९४० साली सोलापुरातून हिंदी अनुवादासह प्रकाशित झाला. देह बरा करताना दुसऱ्या जिवाचा विचार सोडू नये, हा विवेक त्या काळीही जागा होता. कोरडे कपिंग या कसोटीला सहज उतरते. वैद्यकीय दृष्टी आणि धर्मदृष्टी येथे एकाच दिशेला बोट दाखवतात, हे समाधानाचे आहे.

उपवासाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. पर्युषणात किंवा दीर्घ तपश्चर्येत शरीर थकलेले असते, पाणीही मर्यादित असते. अशा वेळी कपिंग केल्यास चक्कर येण्याची शक्यता असते. तप पूर्ण होऊन पारणे झाल्यावर दोन-चार दिवसांनी उपचार घेतल्याने काहीही बिघडत नाही.

पेला लावण्यापूर्वी

सर्वप्रथम उपचार करणारी व्यक्ती कोण, हे पाहावे. नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट, किंवा या उपचाराचे शिक्षण घेतलेले आयुर्वेद अथवा युनानी पदवीधर यांच्याकडेच जावे. दुकानात नवा नोकर ठेवताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. आपले शरीर दुसऱ्याच्या हाती देताना तेवढी चौकशी करण्यात संकोच नसावा. पेले प्रत्येक रुग्णानंतर निर्जंतुक करतात का, ज्योतीऐवजी पंप वापरतात का, आधी दुखापतीची तपासणी करतात का, हे स्पष्ट विचारावे. तपासणीपूर्वीच दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याची तुंबडी कोणती, हे ओळखावे.

काहींनी हा उपचार टाळावाच. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, रक्त न गोठण्याचा विकार असलेले, पायात रक्ताची गुठळी झालेले, तसेच त्या जागी जखम, अस्थिभंग, इसब किंवा सोरायसिस असलेले रुग्ण यांनी कपिंग करू नये. फुगलेल्या शिरांवर, चेहऱ्यावर, मानेच्या पुढील भागावर आणि डोक्यावर पेले लावू नयेत. गर्भवती स्त्रिया, पातळ कातडीचे वृद्ध आणि पायाची संवेदना कमी झालेले मधुमेही यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. मधुमेहाचे प्रमाण व्यापारी घरांत कमी नाही, म्हणून ही सूचना विशेष महत्त्वाची. शाळकरी खेळाडूंच्या बाबतीत तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, कारण त्यांच्या हाडांची वाढ चालू असते.

जालन्याचे मैदान

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यात भरली होती. बुलढाण्याच्या बाला रफिक शेखने अंतिम लढतीत पुण्याच्या अभिजित कटकेला हरवून गदा पटकावली, तेव्हा शहराने कुस्तीचा उत्सवच अनुभवला. आखाड्यातील पहिलवानाच्या दिनचर्येत जोर-बैठकांइतकेच महत्त्व खुराकाला आणि विश्रांतीला असते. आखाड्यात उतरण्यापूर्वी तो अंग तापवतो, उतरल्यावर मेहनत करतो आणि मेहनतीनंतर अंग मुरू देतो. टर्फवर उतरणाऱ्या तरुण व्यापाऱ्याने त्याच्याकडून हे तीन टप्पे उचलले, तरी निम्म्या दुखापती होणारच नाहीत असे मानायला हरकत नाही. खेळण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे अंग तापवणे, आठवड्यातून दोनदा मांडी, पोटरी आणि कमरेचे व्यायाम करणे, पुरेसे पाणी पिणे आणि दिवसभर गादीवर बसताना तासाला एकदा उठून चार पावले चालणे : यासाठी ना पेला लागतो, ना पैसा.

तरीही दुखापत झालीच, तर घरातील सर्वांनी त्या माणसाला वेळ द्यावा. संघाला रविवारी तो हवा असतो, दुकानाला सोमवारी हवा असतो, आणि त्यालाही स्वतःला लंगडताना पाहणे आवडत नाही. या तिहेरी घाईतच वर्तुळांचे आकर्षण वाढते. एक स्पर्धा हुकली तर पुढच्या वर्षी पुन्हा येते. काकांनी पुतण्याच्या जागी एक सामना पंच म्हणून उभे राहावे, भावाने महिनाभर गोदामातील पोती उतरवून घेण्याचे काम पाहावे, पत्नीने फिजिओथेरपीच्या व्यायामाची वेळ आठवून द्यावी. मग सहाव्या किंवा आठव्या आठवड्यात तज्ज्ञाचा होकार घेऊन तो मैदानात उतरेल, तेव्हा त्याच्या पाठीवर वर्तुळे असोत वा नसोत, पाय मात्र साथ देतील.